उणे बावीस

तिसरी गोळी पुन्हा अडली.
सोत्कामोच्या शेडमध्ये तुओवी म्हातारी
रायफलीकडे बघतही नाही,
मॅगझिनची तळपट्टी सरकवते;
स्प्रिंग टुणकन टेबलाखाली.

"तेल कोणी घातलं?"
साइमी गप्प.
आईनं सांगितलं होतं, लोखंडाला तेल हवंच.
"या थंडीत तेलाचा डिंक होतो, पोरी."

फडक्यानं सारं कोरडं.
कोपऱ्यातून पाईनची एक सुई निघते.
मग पत्र्याचे ओठ चाचपते,
अंगठ्यानं, डोळे मिटून:
डावा केसभर फाकलाय.
पक्कड उचलते, ठेवून देते.
जुन्यावर खिळ्यानं फुली. सरावापुरतं.
हे घे दुसरं.

पाच गोळ्या, न अडता.
बर्फात पाच पितळी टरफलं,
प्रत्येकानं आपापलं भोक पाडलेलं.
आईला काय सांगायचं,
साइमीचं अजून ठरत नाही.