घेर

उलटाच टांगायचा, सोलांज म्हणते.
सुलटा टांगला तर पंधरवड्यात
आपल्याच वजनानं मान टाकतो.
म्हणून पॅरिसच्या ह्या पोटमाळ्यावर,
जस्ताच्या छपराखाली,
चाळीस टुटू पाय वर करून झोपलेत,
पांढरी वटवाघळं.

मी शिकाऊ. माझ्याकडे आज सातवा थर.
खालून वर जायचं असतं :
सगळ्यांत आखूड, सगळ्यांत ताठ थर आधी,
मांडीला टोचणारा,
जो एकाही तिकिटाला दिसत नाही.
मग बोटभर, बोटभर वाढवत
चुण्या, चुण्यांवर चुण्या,
आणि थराला थर बांधणारे टाके सैल, अगदी सैल.
‘घट्ट बांधलंस तर ताट होईल. ताट नाचत नाही.’

खालच्या खणात एक जुना घागरा आहे,
पोटरी झाकणारा, मलमलीचा,
कुणीतरी घंटा वाजवता वाजवता विसरून गेल्यासारखा.
त्याच्या काळात घोटा दिसला की
मखमली खुर्च्यांमधून खोकल्याची साथ यायची.
पुढं पाय शहाणे झाले.
गिरक्या वाढल्या, कापड आडवं यायला लागलं;
गुडघ्यानं उजेड मागितला, मग मांडीनं,
आणि कात्री कधी कुणाला नाही म्हणालीय?
घेर वर वर चढत कंबरेशी आडवा झाला.
आता पाऊल चुकलं तर लपवायला
एक सुरकुतीही उरली नाही.

‘आणि नाव?’ मी विचारते.
ओठांत टाचण्या धरून सोलांज हसते :
‘बोबड्या पोरांचा शब्द म्हणतात. ढुंगणाचा.
स्वस्त जागांवरून तेवढंच दिसत असणार.’

झेलीची गोष्ट मात्र ती हसत सांगत नाही.
पणजीकडून आलेली, घरातल्या भांड्यासारखी पोचे पडलेली.
गॅसच्या दिव्यांचे दिवस. झेली सोळाची.
तिला तुरटीत बुडवलेला घागरा दिला होता, न पेटणारा.
पिवळट. खरखरीत. ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचा.
ती म्हणाली, हे नेसून मी हवेत कशी जाऊ?
आणि साधाच घालून गेली.
विंगेतल्या दिव्याशी वळताना
कापडाची एक कड जरा लांब राहिली.

एवढंच. सोलांजची सुई थांबत नाही,
फक्त एक टाका लांब पडतो,
तो ती उसवते.

दुपारी तासादित आली, मापाला.
खांद्यावरच्या जाळीच्या खोक्यावर छापलंय : अंगाचा रंग.
तासादितनं जाळी दंडावर ठेवली,
आम्ही तिघीही काही बोललो नाही.
मग सोलांजनं शेगडीवर चहा ठेवला,
दूध नाही, साखर नाही, पातेलंभर काळा,
आणि जाळी त्यात सोडली.
काढ, वाळव, दंडावर धर. अजून नाही.
पुन्हा बुडव. तिसऱ्यांदा
जाळी कुठं संपते ते मला शोधावं लागलं.
एवढ्या वर्षांत कापड बुडवायला आम्ही शिकलो होतो,
कुणासाठी बुडवायचं ते आत्ता शिकतोय.

चोळीच्या आत नावांच्या पट्ट्या आहेत,
मारीव्हॉन, तिच्याखाली जिस्लेन,
तिच्याखाली शाई पुसलेली कुणीतरी.
हुकांच्या तीन रांगा : तीन जणींचे श्वास.
चौथी रांग मी दातानं दोरा तोडून संपवली.

तासादित फळ्यांवर एकदा उडाली.
ती उतरली, थांबली.
घेर थांबला नाही;
क्षणभर मागं राहून थरथरत राहिला,
निरोप पोचलाय पण पटला नाहीये असा.

माझ्या अंगावर काटा.
सोलांज चष्म्याच्या वरून बघत होती.
‘सातवा थर घट्ट आहे,’ ती म्हणाली,
‘उसव.’