आधी कोळी येतो

कलशेट्टी मॅडम लाहौलहून आल्या
नाकाची साल निघालेली, ओठ फुटलेले,
आणि थर्माकोलच्या डब्यात एकोणचाळीस नळ्या माती.
माती कसली, दगडाचं पीठ.
"चिलवेरी, उणे वीसला ठेवा. जिवंत आहे."
बाहेर चव्वेचाळीस.
केगावच्या रस्त्यावर डांबर चप्पल सोडत नव्हतं.

नळ्यांवर आकडे. मी विचारलं, वजन का ओ?
म्हणाल्या, वय.
त्या जागेवरनं बर्फ उठून किती वर्षं झाली, ते.
हिमनदीच्या तोंडापासून खाली उतरत यायचं,
थोडं चाललं की दुसरं वय लागतं.
शून्य. तीन. अकरा. चाळीस. एकशे दहा.
चालणारा तेवढाच राहतो,
पायाखालची जमीन म्हातारी होत जाते.

मला वाटलेलं, आधी गवत येत असेल.
आपल्याकडं पडीक जागेत तेच की,
घाणेरी, मग वेडी बाभूळ,
मग कुणीतरी रातोरात पत्रे ठोकतं.
नाही म्हणाल्या. हिरवं उशिरा.
आधी येतात खाणारे.
डोळ्याला न दिसणारे, पिठात बसून
बर्फानं शेकडो वर्षं गाडून ठेवलेलं शिळं,
कुठल्या मेलेल्या झाडाची काजळी, ते चाटत राहतात.
वाऱ्यानं चुकून टाकलेला एखादा डास मिळाला तर सण.

"आणि कोळी," म्हणाल्या.
"पहिल्या दोनचार उन्हाळ्यांतच येतो.
शेपटीकडनं एक धागा सोडतो, वारा उचलतो,
उतरतो तिथं, जिथं काही म्हणजे काहीच नाही."

आमचे आजोबा करीमनगरकडनं आले
ते कमरेला धोटा खोचून.
हे मी मॅडमना सांगितलं नाही.

मेच्या नवव्या रात्री लाईट गेली.
जनरेटरमध्ये डिझेल नाही, चावी साहेबांकडं, साहेब बार्शीला.
फ्रीजरचा आकडा वर चढायला लागला,
उणे चौदा, उणे नऊ.
मी स्कूटर काढली, बर्फाच्या कारखान्यावर दोन लाद्या घेतल्या,
घरातनं चादर ओढली, वडिलांच्या हातची, मोराची,
आणि नळ्या, लादी, नळ्या, लादी असं गुंडाळून
सकाळपर्यंत अंगाशी धरून बसलो.
चादर ऊब देत नाही,
आतलं आत ठेवते एवढंच.
ते त्या रात्री कळलं, पन्नाशीला.

बर्फ ज्यांना सोडून गेला होता
त्यांना मी बर्फात बसवलं होतं. हसू आलं.

एक नळी गेलीच. सतरा नंबर. वय तीन.
पाणी सुटलं होतं तिला.
मॅडम रागावल्या नाहीत, थेंबभर काचेवर घेतला,
म्हणाल्या, बघा.
धाग्याएवढी एक काहीतरी
वळली, सरळ झाली, परत वळली.
तीन वर्षांच्या जमिनीवरचं जनावर
सोलापुरात, पंख्याखाली, बुधवारी.

मग म्हणाल्या, आता हिचा उपयोग नाही.
विद्यापीठामागं दगडाची खाण आहे, उघडी, कोरी.
मी म्हटलं, तिथं ओतू का?
"अजिबात नाही. आपल्याकडचं नाही ते."
ऑटोक्लेव्ह. एकशे एकवीस अंश, पंधरा मिनिटं.
बटण मीच दाबलं.
शिट्टी झाली तेव्हा मी बाहेर नळाखाली तोंड धूत होतो,
पाणी पाचव्या दिवशी आलेलं, गढूळ, गरम.

घरी जाताना मिलच्या मैदानाशी थांबलो.
शेड पाडून नेली, यंत्रं भंगारात गेली,
उरलाय चुन्याचा राडा, विटांचे तुकडे.
उकिडवा बसलो. बराच वेळ.
वॉचमन आला, काठी आपटत.
"काय हरवलंय का ओ?"

मी बोटं मोडत होतो, कोणत्या साली पाडली ते.

"अकरा," म्हटलं.