दक्षिणमुखी

पाचपावलीतल्या आमच्या घराचं दार दक्षिणेला.
चारही माग बंद पडले त्या वर्षी
गल्लीत प्रत्येकाला कारण ठाऊक होतं.
बाबा सुताच्या बिलांकडे बोट दाखवत राहिले
आणि लोक उंबरठ्याकडे.

आता मागाच्या खड्ड्यावर फळी,
फळीवर माझं टेबल.
डिसेंबर. शहर नऊ अंशांवर उतरलंय,
फटींतून गार येतं पोटऱ्यांपर्यंत.
पडद्यावर उत्तर ध्रुव.
तिथे ऑक्टोबरपासून सूर्य उगवलेला नाही,
आणि तरी, जमिनीपासून तीनशे किलोमीटर वर,
घनतेचा एक ढग सरकतोय.

अशा काळोखात तो तयार होऊच शकत नाही.
तो उन्हातला आहे,
खाली कुठेतरी दुपार होती
तिथून ओढून आणलेला.

पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी
सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र वळलं.
मला कळलं ते एका चिन्हावरून:
उणे चार. उणे सहा. उणे नऊ.
पंधरा लाख किलोमीटरवरून यान कळवतं,
मग साधारण तासभर हातात असतो,
चहा ठेवायला, चुका शोधायला.

बाबा उठले. खोकला, मग तांब्याचा आवाज.
"कायले जागून राहिली वं?"
क्षेत्राचं तोंड दक्षिणेला झालं, बाबा.
ते थांबले तिथेच.
"मंग? तिथंबी बंद पडते का सारं?"

नाही. उघडतं.
सूर्यासमोरच्या कडेला पृथ्वीच्या रेषा उत्तरेकडे जातात.
येणाऱ्याही उत्तरेच्याच असल्या
तर बहुतेक बाजूने घसरून जातात, ओळख न दाखवता.
उलट्या आल्या की मात्र दोन्हीकडचं तुटतं
आणि याचं टोक त्याच्या टोकाला लागतं,
मग वारा त्या जोडलेल्या रेषा
ध्रुवावरून ओढत रात्रीकडे नेतो.

"सांधणी," बाबा म्हणाले.
जुन्या ताण्याच्या टोकांना नव्याची टोकं.
त्या एका शब्दासाठी सहा महिने
मी इंग्रजी निबंध उपसत होते.

त्या ओढीबरोबर उन्हाळलेल्या प्लाझ्माची जीभ
काळोखात शिरते.
पण अखंड नाही शिरत. तुकडे होऊन शिरते,
एकेक तुकडा काहीशे किलोमीटर रुंद,
आमच्या दारातून कमाल चौक एका सेकंदात गाठेल
अशा वेगाचा.
का तुटते, हे माझं चौथं प्रकरण.
अपुरं आहे.

बाबांनी चष्मा शोधला. पडदा जवळ ओढला,
पोत बघावा तसा तिरका धरून.
दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेवर नख ठेवलं.
"इथं माग थांबला होता.
रात्री थांबवला, सकाळी सुरू केला
का तेवढी एक रेघ येतेच कापडात.
गिऱ्हाइकाले दिसत नाही."

मी वेळा ताडून पाहिल्या.
पहिल्या फटीआधी क्षेत्र शून्यावर येऊन गेलं होतं.
दुसरीआधीही.
तिसरीचं जुळलं नाही.
"कधीमधी सूतच कच्चं असते," ते म्हणाले,
आणि तांब्या घेऊन आत गेले.

चार चाळीसला चिन्ह फिरलं. अधिक दोन.
वर सगळं मंदावत गेलं;
शेवटचा तुकडा ध्रुवापाशी अडकून राहिला,
डोळ्यांना दिसणार नाही इतका तांबूस,
कालच्या कुठल्यातरी दुपारचा,
हळूहळू विरत.
मी फाइलला नाव दिलं आणि टेबलावरच डोकं टेकलं.

जाग आली ती कडी काढल्याच्या आवाजाने.
ऊन आत आलेलं,
उंबरठा ओलांडून पार फळीपर्यंत.
हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो,
गल्लीतल्या बाकी घरांत तो पोचतच नाही.
बाबा पाय पसरून बसले होते, भेगाळल्या टाचा उन्हात,
काही न बोलता.
ऊन सरकलं
तशी त्यांनी खुर्ची सरकवली.