जागल

पत्रिका व्यंकटच्या नंबरावरून आली.
वर गणपती, खाली आग्रहाचं निमंत्रण,
मुहूर्त कुठंच नाही.
व्यंकटला लग्नाची पोरगी नाही, हेही ठाऊक होतं.
तरी दाबलं.
मी गणिताचा मास्तर. मानवतच्या शाळेत एकवीस वर्षं
"आधी उदाहरण नीट वाचा" सांगत आलोय.

रातोरात माझ्या नावानं
सहाशे बारा जणांना निमंत्रण गेलं.
सकाळी खात्यात एकशे चार रुपये
आणि फाटकात पोरं : "सर, कुणाचं लगीन हाय?"

मुजाहिदनं फोन हातात घेतला, उलटा धरला,
आजारी कोंबडं धरावं तसा.
"गुर्जी, नावाचा शेवट बघा की.
पत्रिकेला कधी शेपूट असतंय का?"
बाकावर अंगणवाडीच्या शेषाबाई बसल्या होत्या,
चार्जर बदलायला आल्या म्हणून.
त्या एकदम म्हणाल्या, "मलाबी आल्ती.
तीन हप्ते झाले. घरी बोलले न्हाई.
वाटलं, मीच येडी."

दुपारपर्यंत दुकानात पाच माणसं,
पाच गुपितं
आणि फाईल एकच.

संघमित्रानं, पॉलिटेक्निकच्या,
ती एका सिम नसलेल्या, काच तडकलेल्या फोनात घेतली,
बरणीखाली विंचू धरावा तशी,
आणि चालू दिली.
"बघा, मेसेज वाचायची परवानगी मागायली.
लग्नाला बोलावणाऱ्याला
आपले मेसेज कशाला पायजेत?"

मुजाहिदनं दोनशे पानी वही काढली.
शेषाबाईंनी पहिलं नाव लिहिलं, स्वतःचं.
दुसरं माझं.
फळ्यावर चुकलेलं गणित मी पोरांच्या आधी पुसतो.
इथं पुसायचं नव्हतं.
पानाचा फोटो संध्याकाळी पाथरीला गेला, कोल्ह्याला गेला,
सेलूहून उलट आलं :
"आमच्याकडं ती पीकविम्याची यादी बनून आलीय."

वडील शाळूच्या दिवसांत जागलीला जायचे.
माळ्यावर घोंगडीत मी, खाली काळं रान.
डुकरं मला एकदाही दिसली नाहीत.
कुठूनतरी हाक यायची, होऽऽ,
वडील उठून उभे राहायचे, होऽऽ,
मग ओढ्यापलीकडून तिसरा कुणी.
त्या एका अक्षरात
"माझं खाल्लं" पण असायचं
आणि "तू जागा हो" पण.
कुणाचं रान आधी मोडलं
यावर सकाळी कुणी हसलेलं आठवत नाही.

काल रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
उशाशी फोन थरथरला.
पाथरीचा कुणी, मी त्याला पाहिलेलं नाही :
"मी दाबली. वीजबिल नावाची हाय. तुमी दाबू नका."
मी दाबली, हे त्यानं आधी लिहिलं होतं.

उठून बसलो. चष्मा सापडेना.
अंदाजानंच टाइप केलं,
हो.

कोल्ह्याहून : हो.
सेलूहून, जरा वेळानं,
झोपेतून उठल्यासारखं : होऽ