संपृक्त

रात्रपाळी संपवून सकाळी सहाला
मी बूट हातात घेऊन घरात शिरतो,
कारण फ्रिजवर चिठ्ठी आहे :
"बाबा, पाय वाजवू नका. स्फटिक झोपलेत."

बरका. ओमानचा किनारा. तिसरा मजला.
पलंगाखाली, एसीच्या वाऱ्यापासून लांब,
लोणच्याची रिकामी बरणी,
तिच्या तोंडावर आडवी पेन्सिल,
पेन्सिलीला गरीचा दोरा,
दोऱ्याच्या टोकाला तांदळाएवढं काहीतरी
जे अजून काहीच नाही.

तुरटी खलफानच्या दुकानातली.
त्याला तुरटी कळेना, मला अरबी सुचेना.
शेवटी मी गालावर हात फिरवून
दाढी केल्याचं नाटक केलं.
"शब्बा!" तो ओरडला,
आणि लोबानाच्या पोत्यांमागून
गोठलेल्या धुक्याचं एक ढेकूळ काढून
वर्तमानपत्रात बांधून दिलं.

पहिल्या वेळी घाईच झाली.
ऋजुता दर तासाला वाकून बघायची, बरणी हलायची,
आणि दोऱ्यावर यायचं ते सगळं
तळाशी जाऊन बसलं, एकमेकांच्या अंगावर,
कॅम्पातल्या आमच्या खाटांसारखं.

"सोल्यूशन सॅच्युरेटेड नव्हतं," ती म्हणाली.
"संपृक्त," मी म्हणालो.
"काय?"
"संपृक्त द्रावण. आम्हाला शाळेत होतं."
"सं-पृक्त! कुणाचं आडनाव वाटतं."
त्या दिवसापासून बरणीचं नाव
संपृक्तकाका.

मग सावकाश घेतलं.
उकळतं पाणी, एक चमचा, आणखी एक,
विरघळतंय,
विरघळतंय,
आणि मग एक चमचा असा येतो
की पाणी म्हणतं, पुरे.
ते पुरे मला ओळखीचं आहे.
तिला मी फक्त गाळायला फडकं दिलं.

प्रदर्शनाला दोन वस्तू न्यायच्या होत्या.
म्हणून नीलांबरीने हँगरची तार वाकवली,
तिच्यावर लोकर गुंडाळून चांदणी केली
आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली.
चार दिवसांत चांदणीला दाणे फुटले,
पांढरे, चौकोनी, हट्टी.
ऋजुताने ती बाल्कनीच्या गजाला टांगली,
सगळ्या इमारतीला दिसावी म्हणून.

ऑगस्ट होता.
इथे ऑगस्टात रात्री काचेला बाहेरून घाम फुटतो.
सकाळी चांदणीची नुसती लोकर उरली होती,
खाली वाळत घातलेल्या शाळेच्या शर्टावर
थेंब, थेंब.
ती रडली नाही.
तिने बोट लावलं, चाटलं.
"खारट आहे. बाबा, तुम्ही मशीनमधून
समुद्राचं मीठ काढता, ते कुठे जातं?"
"परत समुद्रात."
"मग काढता कशाला?"

बारा तासांची ड्यूटी करून आलो होतो.
मी म्हणालो, "लोकांना पाणी प्यायला लागतं."
उत्तर बरोबर होतं.
तिला ते पुरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

एकोणिसाव्या दिवशी संपृक्तकाकांच्या पोटातून
तुरटी वर आली, चिंचोक्याएवढी.
आठ बाजू.
कुणी घासल्या नाहीत, कुणी मोजल्या नाहीत,
अंधारात पलंगाखाली, आमच्या घोरण्याखाली,
आपल्याच हिशोबाने सरळ.
कोरड्या हवेत पांढरी पडू नये म्हणून
नीलांबरीने रंग नसलेलं नेलपॉलिश लावलं,
लग्नानंतर पहिल्यांदाच उघडलेल्या बाटलीतलं.

प्रदर्शनात तिसरा नंबर.
पहिला ज्वालामुखीचा. नेहमीप्रमाणे.

आता तो खडा दाराजवळ,
किल्ल्यांच्या खिळ्याला लटकतो.
मी येतो तेव्हा जिन्यातल्या ट्यूबलाइटचा
एक तुकडा त्याच्यात शिरतो,
वाकतो, माझ्या मनगटावर पडतो.

चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे.
पलंगाखाली आता काहीच नाही.
बूट मी अजून हातातच घेतो.