शंभर मीटर

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या पेढीवर
मी हिशेब लिहिते. तारखा चुकत नाहीत.
वहीच्या मागच्या पानावर त्याचं खातं:
सहा जून, विश्रामबाग, रिक्षा स्टॉप.
नऊ जून, गिरणीसमोर. बोलला नाही, नुसता उभा.
अकरा. पुन्हा अकरा. अकरालाच तिसऱ्यांदा, रात्री.
जमेची बाजू कोरी.

ठाण्यात विचारलं, "ओळख होती का?"
होती. त्याच्या चपलांच्या आवाजाशी.
हे मी बोलले नाही.

प्रतिज्ञापत्रावर सही करताना
कारकुनानं माझी पिवळीधमक बोटं पाहिली,
हसला, "लग्न ठरलं वाटतं?"
बागवान वकीलबाई चष्म्यावरून बघत राहिल्या
तेव्हा तो शिक्का शोधायला लागला.

मग तारखांवर तारखा, आणि एकदाचा मनाई हुकूम:
शंभर मीटरच्या आत येऊ नये.
तीन झेरॉक्स. एक ठाण्यात, एक पर्समध्ये,
एक आईच्या उशाखाली. वाचता येत नाही तिला,
रोज घडी उघडून शिक्का तेवढा बघते.

संध्याकाळी पेढीच्या दारातून पावलं मोजत निघाले.
वजनकाटा, चहाचा गाडा, हमालांचा कट्टा,
एकशे अडतिसाव्या पावलाला लिंब.
इथं संपतं माझं.
इथून हाक मारली तर दारात ऐकू येते.

परतताना ठरवलं, मागं वळून बघायचं नाही.
साठाव्या पावलाला बघितलं.
ईश्वरा हमाल होता,
रिकामा डबा हलवत घरी निघालेला.