खर्चाबाबत

अर्ज मागे घ्यायचा कागद एका पानाचा असतो.
नाव, नंबर, तारीख, सही.
'का' असं विचारणारा रकाना त्यात नाही,
आणि ओमारूच्या कोर्टात बावीस वर्षं या खिडकीशी बसून
मीही ते कधी तोंडी विचारलं नाही.

आइल्सा मकेक्रन आली तेव्हा पावणेपाच वाजले होते.
कोटाला ओल्या लोकरीचा वास.
तिचा अर्ज मला पाठ होता :
शेजारच्या रसेल पेनीकूकची सहा मॅक्रोकार्पा झाडं
खिडकीतून दिसणारं बंदर झाकतात,
ती अर्ध्यावर छाटावीत, असा हुकूम व्हावा.
सोबत सात फोटो. सातही एकाच खाटेवरून काढलेले;
प्रत्येकात खाली, कोपऱ्यात,
पांघरुणाखालच्या दोन पावलांचा उंचवटा.

"बघणारा राहिला नाही," न विचारता म्हणाली,
"आता झाडं कुणाच्या आड येणार?"
मी शिक्का मारला.

मग रसेलच्या वकिलाचा तक्ता आला.
उत्तर तयार करणे : दीड दिवस.
जागेची पाहणी, ड्युनेडिनहून येणे-जाणे : अर्धा.
झाडांच्या जाणकाराचा अहवाल : बिल वेगळे जोडले आहे.
नियम सरळ आहे,
मागे घेतो तो हरला असं धरायचं
आणि हरलेल्यानं समोरच्याचा खर्च भरायचा.
बोललेला शब्द माणूस फुकट मागे घेतो.
लिहिलेल्याला दिवसाचा दर पडतो.

खर्चाची सुनावणी अकरा मिनिटं चालली.
न्यायाधीशबाईंनी विचारलं, सूट का द्यावी?
आइल्साकडे वकील नव्हता. ती उभी राहिली, म्हणाली,
डॉक्टरांनी एप्रिल सांगितला होता.
तो ऑगस्टपर्यंत थांबला.
तारीख ऑक्टोबरची होती.

माझं पेन थांबलं.
ती तारीख मी दिली होती,
वही बघून, पहिली मोकळी.

अहवालाचं बिल वगळलं. बाकी तीन हजार एकशे चाळीस डॉलर,
हप्त्यांनी चालतील.
बाहेर, पाण्याच्या नळापाशी, रसेल टोपी हातात फिरवत म्हणाला,
"नुसतं येऊन सांगितलं असतंस, आइल्सा..."
"आले होते. दोनदा.
तू गवत कापत होतास. मशीन बंद केलं नाहीस."
त्यावर तो काही बोलला नाही. टोपी तेवढी घातली, परत काढली.

हुकूम मी टाइप केला, दोन प्रती.
चौदा ऑक्टोबर, सकाळी दहा :
वहीत त्या ओळीवर रेघ मारली, जागा रिकामी झाली.

दुपारी फोन आला. कुठलातरी सामायिक रस्ता,
कुणाचंतरी कुलूप.
लवकरात लवकरची कुठली आहे, बाई विचारत होत्या.
माझं बोट चौदावरच होतं.
"घाई आहे का?" मी विचारलं,
आणि पलीकडून काहीतरी येईपर्यंत
कान लावून बसले.